शेवटचा गव्हर्नर जनरल आणि पहिला मिलिटरी गव्हर्नर

तेरेखोलकाठ (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन जुन्या गोव्याला गेलो होतो. बॉम जेझू झालं, से कॅथेड्रल झालं, आणि उन्हाला कंटाळून सगळे पुरातत्त्व संग्रहालयात शिरलो. तिथे पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची तैलचित्रं ओळीने लावलेली आहेत. जुआंव दे कास्त्रो नावाच्या गव्हर्नराने १५४७ मध्ये ही मालिका सुरू करवली. चिलखत, तलवार, दाढी, एक हात कमरेवर. दहा चित्रं झाली की चेहरे एकमेकांत मिसळायला लागतात. माझा नववीतला भाचा म्हणाला, "मामा, हे सगळे मिलिटरीवालेच होते का?"

बहुतेक होतेच. सुरुवातीचे दर्यावर्दी आणि लढवय्ये, शेवटचे रीतसर लष्करी अधिकारी. त्याला तेवढंच सांगून सुटलो, पण घरी आल्यावर त्या ओळीच्या शेवटच्या माणसाबद्दल वाचत बसलो. त्याच्यावरच हा धागा.

मानुएल आंतोनियो वासालो ई सिल्व्हा. जन्म १८९९, गाव तोर्रेस नोवास. सैन्यात इंजिनिअर अधिकारी, म्हणजे रस्ते-पूल-बांधकामातला माणूस. १९५८ साली तो गोव्याचा गव्हर्नर जनरल झाला आणि मुलकी कारभार, सैन्य दोन्ही त्याच्या हाताखाली आलं. तो आल्यावर, १९५९ मध्ये, गोव्यातली रुपिया जाऊन एश्कुद आला, एका रुपियाला सहा एश्कुद. साठीला टेकलेल्या अधिकाऱ्याने निवृत्तीआधी घ्यावी अशी मानाची नेमणूक, असंच त्यालाही वाटलं असणार.

१९६१ उजाडलं आणि अंगोलात युद्ध पेटलं. लिस्बनने लक्ष, माणसं आणि दारूगोळा तिकडे वळवला. डिसेंबरात गव्हर्नरापाशी उरलं काय? साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक, एकही लढाऊ विमान नाही, आणि बंदरात 'अफोन्सो दे अल्बुकेर्क' ही तिशीच्या दशकातली युद्धनौका. समोर बेळगावला आपली १७वी इन्फंट्री डिव्हिजन आणि ५०वी पॅराशूट ब्रिगेड येऊन बसलेली.

आता बघा. ९ डिसेंबरला तिमोरहून लिस्बनला निघालेलं 'इंडिया' नावाचं जहाज मुरगावला लागलं. कोणालाही चढू देऊ नका, असा लिस्बनचा हुकूम होता. लोक पळाले तर जगाला काय दिसेल! गव्हर्नराने हुकूम बाजूला ठेवला आणि सुमारे ७०० गोऱ्या नागरिकांना जहाजावर चढवलं. जहाजाची क्षमता ३८० प्रवाशांची. माणसं संडासांतसुद्धा दाटीवाटीने बसून गेली. माझ्या मते त्याची पहिली अवज्ञा हीच. शरणागती नंतरची.

१४ डिसेंबरला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारची तार आली. सारांश असा, की तह होईल असं दिसत नाही आणि पोर्तुगीज युद्धकैदीही असणार नाहीत. सैनिक आणि खलाशी एक तर विजयी होतील नाही तर मरतील. निदान आठ दिवस तग धरा, तोवर आम्ही जगाला जागं करतो.

आठ दिवस कुठले! १८ डिसेंबरच्या पहाटे आपलं सैन्य शिरलं, दाबोळीचा विमानतळ सकाळीच बॉम्बफेकीत गेला, आणि १९ तारखेला रात्री साडेआठच्या सुमारास वास्कोत मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात वासालो ई सिल्व्हाने शरणागतीवर सही केली. १५१० पासूनचा ४५१ वर्षांचा कारभार हेडलाइटच्या झोतात आटोपला.

पुढचे पाच महिने तो आपल्या कैदेत होता. मायदेशी परतल्यावर अपमान, मग १९६३ मध्ये सैन्यातून हकालपट्टी. १९७४ च्या एप्रिलमध्ये ती राजवट कोसळली तेव्हा कुठे त्याला हुद्दा परत मिळाला. म्हातारपणी गोव्यात येऊन गेला आणि इथल्या लोकांनी त्याला नीट वागवलं. १९८५ मध्ये लिस्बनला गेला.

तीस-चाळीस वर्षं हुकूम पाळणाऱ्या माणसाला गव्हर्नर करतात, कारण तो हुकूम पाळतो. आणि त्याने एकदा पाळला नाही तर बाकीची नोकरी कोणाच्या लक्षात राहत नाही. चार-पाच हजार माणसं त्या एका सहीने जिवंत राहिली, गावंही वाचली. त्याला भित्रा म्हणायचं की शहाणा?

त्याच्या जागी आलेले मेजर जनरल कॅन्डेथ, त्यांच्यावरही लिहायचं आहे, पण टंकून बोटं दुखली. प्रतिसादांत लिहितो.

ओसरीवर

छान लिहिलंय. जहाजाचा किस्सा माहीत नव्हता. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कडूकारलं

लेख वाचनीय, पण एवढा उमाळा का? सत्याग्रहींवर गोळ्या झाडणारी, माणसं आग्वादच्या किल्ल्यात डांबणारी राजवट होती ती. हा तिचा गोव्यातला सर्वोच्च अधिकारी. तीन वर्षं खुर्चीत बसला, तेव्हा कुठे गेली होती सदसद्विवेकबुद्धी? गोरे नागरिक जहाजात बसवले, गोंयकारांचं काय? आणि अंजदीव बेटावर पांढरं निशाण दाखवून आपल्या नौसैनिकांवर गोळीबार झाला, ते विसरलात वाटतं.

तेरेखोलकाठ

@कडूकारलं, मुद्दा मान्य. १५ ऑगस्ट १९५५ चा गोळीबार आधीच्या गव्हर्नराच्या, बेनार्द गेदेसच्या काळातला. पण तुरुंग आणि राजकीय पोलीस वासालोच्या काळातही तेच होते, आणि त्याने ते बंद केले असं कुठे वाचलेलं नाही. मोहन रानडे ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, ते थेट जानेवारी १९६९ मध्ये पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी किती खटपट केली ते इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. गव्हर्नराने सही केली आणि त्यानंतरही सात वर्षं रानडे आतच. त्यामुळे त्याला संत करायचा विचार नाही. माझा प्रश्न त्या दहा दिवसांपुरता आहे.

अंजदीवला आपले सात नौसैनिक गेले, ते खरंच आहे.

बेळगावी कुंदा

आमच्या घरात हा विषय निघाला की आजोबा सुरू व्हायचे. तेव्हा ते टिळकवाडीत राहायचे. रेल्वे फाटकाशी उभं राहून मालगाड्या मोजायचे म्हणे, ताडपत्रीखाली तोफा. दूध वेळेवर येईना, कारण सगळं कॅम्पात जायचं. आजी म्हणायची, "गोवा मिळाला, पण आमचा आठवडाभर चहा कोरा."

धागाकर्त्याने पॅरा ब्रिगेडचा नुसता उल्लेख करून सोडून दिलंय, म्हणून भर घालतो. ब्रिगेडियर सगतसिंगांकडे काम दिलं होतं दुय्यम: १७व्या डिव्हिजनला उत्तरेकडून मदत करायची. हे दोडामार्गाकडून घुसले आणि इतके सुसाट निघाले की १८ च्या संध्याकाळी एक तुकडी बेतीला, मांडवीच्या काठावर. पलीकडे पणजी. पूर्वेकडची फळी २ पॅराची होती, म्हणजे मूळची मराठा पलटण, ती फोंड्याकडे गेली. १९ ला सकाळी ब्रिगेडने होड्यांनी नदी पार करून पणजी घेतली. मुख्य डिव्हिजन राहिली मागे, मदतनीस पोचले आधी.

सदाशिवपेठी

शुद्धलेखन व संज्ञा याबाबत दोन सूचना.

१. 'गव्हर्नर' या एका शब्दात तीन निराळी पदं कोंबली जात आहेत. वासालो हा वसाहतीचा गव्हर्नर जनरल. कॅन्डेथ हे मिलिटरी गव्हर्नर, म्हणजे मुक्त केलेल्या प्रदेशाचा तात्पुरता लष्करी कारभारी. आणि आज असतात ते घटनात्मक राज्यपाल, त्यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं. पहिल्या दोघांना मंत्रिमंडळच नव्हतं.

२. 'गव्हर्नराने' की 'गव्हर्नरने' हा वाद नंतर घालू.

ओसरीवर

दुसऱ्या मुद्द्याशिवाय धागा अपुराच राहिला असता. :)

परभणीकर

मिलिटरी गव्हर्नर म्हटलं की आमच्याकडं एकच नाव निघतंय, जनरल चौधरी. जयंतोनाथ चौधरी. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली, १७ ला निजामानं हात टेकले, १८ ला निजामाच्या फौजेचे जनरल एल एद्रूस यांनी चौधरींसमोर शरणागती दिली, आणि हा रणगाडा डिव्हिजनचा मेजर जनरल एका दिवसात अख्ख्या हैदराबाद संस्थानाचा कारभारी झाला. आपले मराठवाड्याचे जिल्हे त्यातच. १९४९ च्या अखेरपर्यंत तेच होते. हाताखाली मुख्य मुलकी प्रशासक म्हणून डी. एस. बखले, आयसीएस.

काम काही बारकं नव्हतं. निजामाची खासगी जमीन, सर्फ-ए-खास, सरकारात आली. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरदारी रद्द करायचा कायदा निघाला. लोकनियुक्त सरकार असतं तर जहागिरदारांनी दहा वर्षं तारखा घेतल्या असत्या.

पण दुसरी बाजूबी लिहितो, नाही तर कडूकारलं येतीलच. ॲक्शननंतर खेड्यापाड्यात मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती दिल्लीनं पाठवली होती. तिचा अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. आमच्या गावात एक पडका वाडा आहे, तिथं कोण राहायचं हे विचारलं की म्हातारी माणसं विषय बदलायची. रझाकारांनी काय केलं ते मात्र पाठ असायचं. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत.

आता गंमत बघा. १९६१ साली सदर्न कमांडचे प्रमुख कोण? हेच चौधरी. पुण्यात बसून गोव्याच्या मोहिमेची सूत्रं त्यांच्याच हाती. म्हणजे कॅन्डेथना मिलिटरी गव्हर्नर केलं तेव्हा वरिष्ठ असा होता, की ज्यानं ही नोकरी स्वतः केलेली.

तेरेखोलकाठ

@परभणीकर, व्वा! हा धागा मला जोडता आला नव्हता. मग आता कॅन्डेथ.

कुन्हीरामन पालट कॅन्डेथ. जन्म १९१६, केरळातलं ओट्टपालम. तोफखान्याचे अधिकारी, १९३६ चं कमिशन, दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आशियात होते. गोव्याच्या वेळी १७व्या डिव्हिजनचे प्रमुख, आणि १९ डिसेंबर १९६१ पासून मिलिटरी गव्हर्नर. ६ जून १९६२ पर्यंत. जेमतेम साडेपाच महिने. ७ जूनला नायब राज्यपाल म्हणून टी. शिवशंकर आले.

एवढ्याशा काळात काय काय पडलं बघा गळ्यात. चार हजारांवर युद्धकैदी, त्यांत कालपर्यंतचा गव्हर्नर जनरल. त्यांना परत पाठवायचं तर सालाझार अडून बसलेला, आणि त्याने मोझांबिकमधल्या भारतीयांना छावण्यांत कोंडलेलं. कैदी मे १९६२ मध्ये गेले, म्हणजे कॅन्डेथची जवळजवळ सगळी कारकीर्द या पाहुण्यांच्या सरबराईत गेली. शिवाय चलन बदलायचं. कचेऱ्या पोर्तुगीजमधून चालायच्या, सातबारा शोधायला गेलं तर तिथे दुसरीच पद्धत. वकील, न्यायाधीश पोर्तुगीज कायद्यात मुरलेले. तो कायदा एका फटक्यात काढला नाही हे बरंच झालं. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कुटुंबविषयक भाग गोव्यात अजून चालतो.

नंतर कॅन्डेथ पुन्हा सैन्यात. नागालँडमध्ये ८वी माउंटन डिव्हिजन, १९६५ मध्ये दिल्लीत उपलष्करप्रमुख, आणि १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीचे आर्मी कमांडर. पद्मभूषण, परम विशिष्ट सेवा पदक. २००३ मध्ये वारले. गोव्यात मात्र त्यांचं नाव नव्या पिढीतल्या कोणाला विचारा, डोकं खाजवतील. मुख्यमंत्री म्हटलं की भाऊसाहेब बांदोडकर, तिथूनच गोष्ट सुरू होते.

मडगावची

आईच्या आठवणीतले ते साडेपाच महिने सांगते. ती तेव्हा अकरा वर्षांची, लिसेंवात म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत जायची. नाताळ सहा दिवसांवर आणि रस्त्यावर रणगाडे. पहिले दोन दिवस कोणी दार उघडलं नाही. मग शेजारच्या काकांनी खिडकीतून शिपायाला इंग्रजीत विचारलं, "ब्रेड मिळेल का?" तर त्याने आपल्याजवळच्या पुऱ्या काढून दिल्या.

आणि दुकानं! पोर्तुगीज अमदानीत परदेशी माल स्वस्त. घड्याळं, रेडिओ, नायलॉन, चीजचे डबे, व्हिस्की. भारतात यातलं काही मिळायचं नाही. सीमा उघडली तशी बाहेरून आलेल्या साहेब लोकांनी महिन्याभरात फळ्या रिकाम्या केल्या. आजोबांनी एक लाल गोल चीजचा डबा लपवून ठेवला होता, तो पाहुण्यांना फक्त दाखवायचे.

शिवाय 'डेप्युटेशनवाले'. महाराष्ट्रातून, म्हैसुरातून कारकून आणि अधिकारी डेप्युटेशनवर आले, त्यांना भत्ता जास्त, आणि इथल्या पोर्तुगीज शिकलेल्या माणसाला म्हणायचे तुला काही येत नाही. आमच्या एका नातेवाइकांची वीस वर्षांची नोकरी अशी एका वर्षात ज्युनिअर झाली. मिलिटरी गव्हर्नरबद्दल घरात वाईट ऐकलं नाही. डेप्युटेशनवाल्यांबद्दल अजून ऐकते.

कडूकारलं

@मडगावची, हे आवडलं. चीजचा डबा शेवटी उघडला का?

मडगावची

उघडला. आतून दगड झाला होता.

तेजूच्या काठी

गेली नऊ वर्षं लिस्बनमध्ये आहे, म्हणून इकडचं थोडं.

वासालोची एक गोष्ट इथे हमखास सांगतात. गोव्याहून रणगाडाविरोधी ग्रेनेड मागवायचे होते, तार शत्रूच्या हाती पडू नये म्हणून सांकेतिक शब्द ठरला 'शोरिसू', म्हणजे सॉसेज. लिस्बनमधल्या कोणाला तरी संकेत ठाऊक नव्हता. विमानातून खरोखरची सॉसेज आली. किती खरं, किती तिखटमीठ देव जाणे, पण इकडचे लोक त्यावर अजून कडवट हसतात. गोव्यात ज्याला चोरीस म्हणतात तेच हे!

दुसरं. त्याची सख्खी बहीण मारिया लामास, लेखिका आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणारी, सालाझारची कट्टर विरोधक. तुरुंगात जाऊन आलेली. भाऊ कैदेतून परतला त्याच १९६२ मध्ये ती पॅरिसला परागंदा झाली, १९६९ ला परतली. एकाच घरातली ही दोघं: बहिणीने आयुष्यभर उघड विरोध केला, भावाने आयुष्यभर सलाम ठोकले आणि एकदाच नाही म्हटलं. शिक्षा दोघांनाही झाली.

आणि परतणाऱ्या कैद्यांचं स्वागत. पाच महिने कैदेत काढून जहाजाने लिस्बनला उतरले तर धक्क्यावर सशस्त्र मिलिटरी पोलीस. नातेवाइकांना जवळ येऊ देईनात. कारण तारेप्रमाणे हे लोक असायलाच नको होते ना! ज्याने तार पाळली तो दीवचा ओलिव्हेरा ई कार्मो, 'वेगा' या गस्तीनौकेचा तरुण कमांडर. मरायचंच आहे तर रुबाबात, म्हणून पांढरा समारंभी गणवेश चढवून निघाला असं सांगतात. गेला. तो इकडे वीर.

बेळगावी कुंदा

तो पांढऱ्या गणवेशाचा तपशील वाचून वाईट वाटलं. शत्रूचा असला तरी.

निवृत्त फौजी

मी सहसा लिहीत नाही. २६ वर्षं वर्दीत काढली, अधिकारी नव्हतो, त्यामुळे गव्हर्नरांचं मला काय! पण धागाकर्त्याच्या प्रश्नाला उत्तर देतो.

कमांडर भित्रा की शहाणा हे जवान पहिल्या दिवशी ओळखतो. दारूगोळा नाही, वर विमान नाही, मागे समुद्र, आणि दूर खुर्चीत बसलेला माणूस म्हणतो मरा. त्या मरण्याने एक टेकडी वाचणार असेल तर जवान मरतो, विचारत नाही. इथे वाचणार होतं काय? वर्तमानपत्रातली बातमी. मी त्याच्या हाताखाली असतो तर त्या रात्री त्याला मनात सलाम केला असता आणि तोंडाने शिव्या घातल्या असत्या. दोन्ही.

आणखी एक. दोन्ही बाजू मिळून पन्नासएक माणसं गेली, आपली २२, त्यांची तीसच्या आसपास. तो आठ दिवस लढला असता तर हा आकडा आमच्याही बाजूने वाढला असता. हे कोणी लिहीत नाही.

सदाशिवपेठी

@निवृत्त फौजी, आपण अधिक लिहावं अशी विनंती.

पण वासालोने सगळंच वाचवलं असंही नाही. बाणास्तारीचा पूल उडवला होता. पुलांचा इंजिनिअर, आणि पूल उडवायची पाळी त्याच्याच सैन्यावर. शहरातल्या इमारती मात्र उडवल्या नाहीत, तसे हुकूम असल्याचं सांगतात तरीही.

परभणीकर

मग राज्यपाल झालेले फौजी अधिकारी पण घ्या की धाग्यात. लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा आसामात, मग जम्मू-काश्मीरला. जनरल कृष्णराव.

बेळगावी कुंदा

आणि जनरल जे. जे. सिंग! पंजाबी माणूस, पण १९६४ चं कमिशन आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीत. लष्करप्रमुख झाले, मग २००८ पासून अरुणाचलचे राज्यपाल. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही युद्धघोषणा देत मोठा झालेला सरदारजी इटानगरच्या राजभवनात.

तेरेखोलकाठ

यादी वाढवायची नाही, धागा भलतीकडे जाईल. पण एक नाव घेतोच. लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब. १९७१ मध्ये ईस्टर्न कमांडचे चीफ ऑफ स्टाफ. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी जनरल नियाझींसमोर शरणागतीचा मसुदा ठेवून त्यांना कबूल करायला लावणारे हेच. ते १९९८ मध्ये गोव्याचे राज्यपाल होऊन आले. १९९९ मध्ये फेब्रुवारी ते जून गोव्यात राष्ट्रपती राजवट होती, तेव्हा चार महिने सगळा कारभार त्यांच्याकडे. म्हणजे सदाशिवपेठींच्या तीन प्रकारांपैकी तिसऱ्यातले असून काही काळ दुसऱ्यासारखे.

आणि राहायचे कुठे? दोनापावलाजवळच्या काबोच्या वाड्यात. १९१८ पासून तो पोर्तुगीज गव्हर्नरांचा निवास. ज्या सज्जातून वासालोने डिसेंबर ६१ मध्ये मुरगावचं बंदर पाहिलं असेल, तिथेच शरणागती लिहून घेतलेला हा जनरल संध्याकाळी बसत असेल. समोर तेच पाणी, झुवारीचं मुख.

कडूकारलं

बरं लिहिता हो तुम्ही. माझं मत मात्र बदललेलं नाही. दहा दिवस बरा वागला म्हणून तीन वर्षं पुसली जात नाहीत.

तेरेखोलकाठ

पुसू नका. दोन्ही ठेवा.

ओसरीवर

मी येत्या शुक्रवारी गोव्यात आहे. ती तैलचित्रं बघायची म्हणतो. किती वेळ लागेल?

मडगावची

शुक्रवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं. मी जाऊन दाराला हात लावून आलेय. शनिवारी सकाळी दहाला जा, बसगाड्या यायच्या आत.